मुलाला ताप नव्हता

प्रश्न : मी ठाण्यात राहतो. मुलगा नवी मुंबईच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि थर्मोडायनॅमिक्स (उष्णतेचं शास्त्र), दोन्हींत केटी लागली, म्हणजे नापास. तरी इंजिनिअर मंडळींच्या एका क्लबात दर महिन्याला जाऊन बसतो, पाहुण्यांची व्याख्यानं ऐकतो, कारखाने बघत फिरतो. अभ्यासाचा सगळा वेळ त्यात जातो आणि त्याला मार्क शून्य. मी स्वतः सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १८ वर्षं काढली, कंपनी बंद पडली. आता घोडबंदर रोडच्या एका गृहसंकुलात सुपरवायझर आहे. मुलाने पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. गेल्या महिन्यात तळोज्याच्या फोर्जिंग (तापलेलं पोलाद ठोकून घडवण्याच्या) कारखान्याची भेट होती. मी क्लबच्या सेक्रेटरींना फोन करून ‘त्याला ताप आहे’ सांगितलं आणि नाव काढायला लावलं. त्याला ते तीन हात नाक्यावर बसपाशी गेल्यावर कळलं. चार दिवस रुसला होता, विसरेल. फुल स्टॅकच्या (वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंगच्या) क्लासचे ५५ हजार भरले आहेत, बॅच शनिवारची आहे. तुम्ही त्याला दोन शब्द समजावून सांगा.
– एक पालक, ठाणे

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी तापाशी अडखळले. पुढचं सगळं वाचून पुन्हा तिथेच आले.

जरा तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ, पायात सेफ्टी शूज, कारण त्याशिवाय शॉप फ्लोअरवर सोडत नाहीत. बसच्या दाराशी यादी घेऊन उभे असलेले काका विचारतात, ‘अरे, तुला ताप आहे ना?’ आता या मुलाने काय म्हणावं? ‘बाबा खोटं बोलले’ म्हणावं, की ‘उतरला’ म्हणावं? तो ‘उतरला’च म्हणाला असणार, आणि त्याच्या जागी दुसरं कुणी बसलं म्हणून घरी परतला असणार. वडिलांची लाज त्याने झाकली. तुम्ही त्याला रुसणं म्हणता. रुसतात सहा वर्षांची मुलं, आणि त्यांना चॉकलेट देता येतं.

तुम्हाला मार्कांची काळजी आहे हे कळतं. पण केटीचा कागद पुढच्या परीक्षेत बदलतो. ‘माझ्या नावाने बाबा कुणालाही काहीही सांगू शकतात’ हे एकदा मनात बसलं की मुलं घरी काही सांगायचं बंद करतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत करिअरचा प्रश्न नसतोच, तिथे बोलणं थांबलेलं असतं. तुमच्याकडे ते थांबायला लागलं आहे.

‘सगळा वेळ’ म्हणालात म्हणून हिशोब केला. महिन्याला एक बैठक, धरा दोन तास. वर्षाचे २४. कारखान्याच्या भेटी वर्षात तीन धरू, दर वेळी आठ तास, म्हणजे आणखी २४. एकूण ४८ तास. वर्षातले दोन दिवस. एम-थ्रीचं लाप्लास ट्रान्सफॉर्म त्या दोन दिवसांनी अडलेलं नाही. ते कशाने अडलं हे त्याला विचारलंत का? पत्रात तरी दिसत नाही.

आता क्लबची बाजू घेते आहे असं वाटून घेऊ नका. अशा मंडळांत मीही पाहुणी म्हणून गेले आहे. पाहुण्यांची ओळखच वीस मिनिटं, मग शाल-श्रीफळ, मग निवृत्त साहेबांचं ‘आमच्या वेळी’. मागच्या रांगेतली पोरं मोबाइलवर असतात आणि मला त्यांचा राग येत नाही. कारखाना-भेटीचीही कधी कधी फोटो-सहल होते. बॅनर धरायचा, वडापाव खायचा, परत. पण तुमचा मुलगा मार्क नाहीत, कुणाची सक्ती नाही, तरी स्वतःहून जातो. पुस्तकात ‘हॉट वर्किंग’ची व्याख्या दोन ओळींची असते. साधारण ११५० अंशांना तापलेला पोलादाचा तुकडा हॅमरखाली येतो तेव्हा पायाखालची फरशी हादरते, आणि मशीनचा पाया वेगळा का बांधतात हे तिथे कुणाला विचारावंही लागत नाही. तेवढं बघायला तो निघाला होता. आणि अशा भेटीत व्यवस्थापकांच्या भाषणापेक्षा शिफ्टवरच्या ऑपरेटरला ‘काल काय बिघडलं होतं?’ हा एक प्रश्न विचारावा, घरी येऊन पानभर स्केचसह लिहून ठेवावं, एवढं त्याला माझ्याकडून सांगा. मुलाखतीत सर्टिफिकेट कुणी उघडून बघत नाही, ‘काय पाहिलंस?’ एवढं मात्र विचारतात.

तुमच्या पत्रातला एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा : कारखाने गेले, म्हणजे मेकॅनिकल संपलं. तुम्ही जे भोगलंत ते खरंच आहे. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीची सुरुवात झाली ती आपल्या वागळे इस्टेटमधून. आज तिथल्या कितीतरी शेडच्या जागी काचेच्या इमारती आहेत. बेलापूर पट्ट्याचंही तेच. पण ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटरच्या ज्या बंदिस्त इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या गच्चीवर आणि आवारात काय असतं? चिलर, कूलिंग टॉवर, पंप, डिझेल जनरेटरच्या रांगा. सर्व्हर जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती चोवीस तास उपसावी लागते. या धंद्यात पीयूई नावाचा एक आकडा बघतात : इमारतीची एकूण वीज भागिले संगणकांनी वापरलेली वीज. तो १.५ असेल, तर संगणकांच्या दर १०० युनिटमागे ५० युनिट वरखर्च, आणि त्यातला मोठा वाटा थंडाव्याचा. या ५० चे ४० करून दाखवायला थर्मो पक्कं लागतं. हो, तेच, केटी लागलेलं. आणि एवढ्या लांब कशाला, तुमचा स्वतःचा आजचा पगार कशावर चालतो? पाण्याचे पंप, सांडपाण्याचा एसटीपी, फायर पंप, डीजी सेट (डिझेल जनरेटर), लिफ्ट. कंपनी बंद पडली, तुमचं काम बंद पडलं नाही. तुम्ही ते धरून ठेवलंत, आणि मुलाला मात्र सांगता की त्यात काही नाही.

त्याला माहीत आहे का, बाबा १८ वर्षं नेमकं काय करत होते? मला शंका आहे. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमधलं पाणी दिसेनासं झालं तर आधी आग मारायची, घाईने थंड पाणी सोडायचं नाही, हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी येईल. त्याला स्टीम टेबल (वाफेच्या आकड्यांचा तक्ता) वाचता येत नाही म्हणून केटी लागली असणार. लालभडक ट्यूबवर पाणी पडलं की त्याची वाफ होते आणि वातावरणाच्या दाबाला ती वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. विशिष्ट घनफळाच्या रकान्यातला तो आकडा म्हणजे तुमच्या शिफ्टवरची धास्ती. ब्लोडाऊन (तळाचं गाळाचं पाणी सोडणं) का द्यायचा, फीड वॉटर मऊ का करून घ्यायचं, फ्युजिबल प्लग (पाणी कमी पडलं की वितळणारं बूच) कशासाठी असतो, हे त्याला घरातल्या माणसाकडून कळू दे. आठवड्यातून एक संध्याकाळ. गणितं त्याची, बॉयलर तुमचा. एम-थ्रीसाठी वेगळी शिकवणी लावा. तिथे तुमचा किंवा माझा उपयोग नाही.

गेट (एम.टेक.साठीची परीक्षा) तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात, तेव्हा आत्ता ते डोक्यात नको. पदवीनंतर अप्रेंटिसशिपही आहे, वर्षभर विद्यावेतन मिळतं. फुल स्टॅकचं म्हणाल, तर ज्याला ते आवडतं त्याने जरूर शिकावं. तुमच्या पत्रात, त्याला ते आवडतं, असं कुठेही नाही. फक्त बॅच शनिवारची आहे, एवढं आहे. क्लबही शनिवारीच असतो ना?

त्याला समजवायला मी येणार नाही. तुम्हीच आधी सेक्रेटरींना फोन करा आणि ताप नव्हता हे सांगा. फोन मुलासमोर करा. फोर्जिंगची भेट पुन्हा केव्हा आहे तेही विचारा. आणि क्लासच्या पावतीच्या मागे परताव्याची अट बारीक अक्षरांत छापलेली असते, तिला बहुधा मुदत असते. ती आज रात्रीच वाचा.