मी देवगडचा, हॅम रेडिओचं लायसन्स अजून यायचंय. एफटी८चा (रेडिओवर छोटे मेसेज पाठवायची डिजिटल पद्धत) मेसेज टर्मिनलवरून एन्कोड करून, म्हणजे टोनमधे बदलून, बघता येतो का?

हो येतो की, आणि रेडिओ जोडायची पण गरज नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्स (एफटी८ वापरायचं सॉफ्टवेअर) टाकलं असशील तर त्याच्याबरोबरच एफटी८कोड नावाचा छोटा प्रोग्राम येतो, टर्मिनलमधे त्याचं नाव लिही आणि पुढे अवतरणचिन्हात मेसेज, म्हणजे सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक), एखादा कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळणारी ओळख) आणि ग्रिड, म्हणजे जागेचा छोटा कोड (तू देवगडचा म्हणतोयस म्हणजे एमके६६, मालवणला पण तोच). लगेच सगळं उलगडून दाखवतो: मेसेजचे ७७ बिट, १४ बिट सीआरसी (चूक ओळखायला), ८३ पॅरिटी (चूक दुरुस्त करायला), असे १७४, मग तीन-तीन बिटांचा एक टोन करून ५८, त्यात सिंक्रोनायझेशनचे (वेळ जुळवायचे) २१ मिळवून ७९ टोन. हवेत जायला १२.६४ सेकंद.

गंमत फ्री टेक्स्टमधे, म्हणजे मनाने काहीही लिहायच्या मेसेजमधे आहे, तिथे फक्त १३ अक्षरं बसतात, स्पेस धरून, आणि रोमन लिपीतच. मी एकदा 'मालवणला येतोस' टाकलं, रोमनमधे ती १४ होतात, शेवटचा एस कापला गेला आणि 'मालवणला येतो' झालं, म्हणजे विचारायला गेलो आणि स्वतःच निघालो! म्हणून एफटी८कोड दाखवतो तो डिकोड झालेला (समोरच्याला दिसेल तो) कॉलम आधी वाच.

ऑडिओ फाइल पण हवी असेल तर एफटी८_लिब या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला जेन_एफटी८ घे, वेव्ह फाइल बनवून देतो. एपीआरएससाठी (रेडिओवरून ठिकाण आणि छोटे मेसेज पाठवायची वेगळी पद्धत) मात्र डायरवुल्फ या सॉफ्टवेअरचं जेन_पॅकेट्स. लायसन्स हातात येईपर्यंत हे सगळं लॅपटॉपवरच खेळ, पावसात लाइट असेल तेव्हा.