व्यवस्थापनातून पीएचडीकडे?

प्रश्न : वय ४८. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात व्यवस्थापक आहे. एमबीएला ५८ टक्के. नोकरी सांभाळून पीएचडी करावी का?

उत्तर : आधी हेतू ठरवा. बढतीसाठी करत असाल तर राहू द्या. कारखानदारीत त्या पदवीला फारसा भाव नाही. पुढे शिकवायचं असेल तर जरूर करा.

वयाची अट नाही. ५५ टक्क्यांची आहे, ती तुम्ही पूर्ण करता. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार किमान ३, कमाल ६ वर्षं. अर्धवेळ चालते, दूरशिक्षणाने नाही. घोडं अडतं ते कारखान्याच्या ना-हरकत पत्रावर. अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळीक देऊ, हे तिन्ही मुद्दे त्यात हवेत. नुसतं ‘हरकत नाही’ पुरत नाही.

राणी चन्नम्मा विद्यापीठ असो की कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, मार्गदर्शक आधी शोधा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ च विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी नसेल तर चांगला विषयही पडून राहतो. आणि कारखान्यातली आकडेवारी वापरणार असाल तर मालकाची लेखी परवानगी आजच घ्या, तिसऱ्या वर्षी नव्हे.