विषाणूच नसेल तर?

सल्ल्यासाठी आलेल्या बाईंनी खुर्चीत बसण्याआधीच मोबाइल माझ्यापुढे धरला. वीर्यामुळे योनीतली प्रतिकारशक्ती मंदावते आणि एचआयव्ही लवकर लागतो, असा मजकूर होता. नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह, एआरटी म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या नियमित, वर्षभराहून अधिक काळ व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत न सापडण्याइतका कमी. बाळ हवं म्हणून डॉक्टरांना विचारूनच दोघांनी कंडोम थांबवला होता. ‘‘मॅडम, मी हाताने दार उघडून दिलं का हो?’’

आधी हे सांगायला हवं की मजकूर खोटा नव्हता. अशा वेळी ‘काही नसतं हो’ म्हणून उडवून लावलं की माणूस पुन्हा येत नाही. शुक्राणू शरीराला परकेच, त्यांचा स्वीकार व्हावा म्हणून वीर्यातले प्रोस्टाग्लँडिनसारखे घटक तिथल्या बचावाला जरा दबकवतात. दुसरीकडे गर्भाशयमुखाशी पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यात एचआयव्हीला हव्या असणाऱ्या पेशीही असतात. हा बदल तेवढ्या जागेपुरता असतो, सगळ्या अंगाची ताकद त्याने घटत नाही. २००७ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना वीर्यात बारीक तंतू सापडले. विषाणू त्यांना चिकटला की प्रयोगशाळेतल्या पेशींत संसर्ग कितीतरी सहज होतो.

‘‘पण चिकटायला विषाणू लागतो ना?’’ मी विचारलं. त्या गप्प.

मग त्यांना २०१६ चा पार्टनर अभ्यास सांगितला. युरोपातली ८८८ जोडपी, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड दबलेला. कंडोमशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध. ११ जणांना लागण झाली, पण विषाणूंची जनुकं ताडून पाहिल्यावर एकाचाही विषाणू घरच्या जोडीदाराचा निघाला नाही. त्या पुरुषांच्या वीर्यात हे तंतू नव्हते थोडेच!

त्यांचा चेहरा सैल झाला. उठता उठता म्हणाल्या, ‘‘तरी मी दर वेळी जंतुनाशकाने आतून स्वच्छ धुतेच.’’

खरी गोची इथे होती. पुन्हा बसवलं. योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्लता राखतात, तोच तिथला पहारा. जंतुनाशकाने तोच वाहून जातो, अस्तर चुरचुरतं, सूज येते आणि सुजेच्या जागी नको त्या पेशी आणखी जमतात. वीर्याला भिऊन त्या दर वेळी स्वतःच्या हाताने हेच करत होत्या. जळजळ होते का विचारल्यावर मान हलली, तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवलं.

नवऱ्यासाठी निरोप दिला: गोळ्या चुकल्या तर लपवायचं नाही, लोड पुन्हा तपासेपर्यंत कंडोम. त्या काळात तो फाटला तर ७२ तासांच्या आत, शक्यतो लगेच, बचावाच्या गोळ्यांसाठी यायचं. त्या २८ दिवस घ्याव्या लागतात.

दारात थांबून त्यांनी विचारलं, ‘‘साबणसुद्धा नको?’’

‘‘आत काहीच नको. बाहेरून साधं पाणी.’’