आईची चाल घरी कशी तपासू?

प्रश्न: आई ७२ वर्षांची आहे. हल्ली वळताना भिंतीला हात लावते. तोल बिघडलाय का, हे घरी कळेल?

उत्तर: बराच अंदाज येतो. हातांच्या खुर्चीपासून ३ मीटरवर खडूची रेघ मारा. आईंनी उठून नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका समजून डॉक्टरांना दाखवा. मी मात्र घड्याळाइतकंच वळणाकडे बघते: पावलं तुटक पडतात का, फाकतात का? सव्वा वर्षाचं मूलही पाय फाकवून चालतं, पण ते शिकत असतं. या वयात नव्यानं फाकलेली पावलं अंगावर काढू नका.

मोजताना अगदी शेजारी उभ्या राहा. माझी आई अशीच वळताना पडली, मनगट मोडलं. मी दारात होते, दोन हातांवर.