बागेची विचारपूस : कांद्याची भावकी

प्रश्न : मोठ्या जांभळ्या गोळ्यासारखे फुलणारे शोभेचे अॅलियम गेल्या जूनमध्ये वाफ्यात लावले. सहापैकी चार कंद सडले. दोघांना पात आली, फूल नाही. काय चुकले? (वाचक, सिन्नर)

उत्तर : जूनमध्ये हे कंद झोपलेले असतात. मध्य आशियातल्या डोंगरांत त्यांचा उन्हाळा कोरडा जातो आणि हिवाळा गोठवणारा. झोपेच्या वेळी काळी माती आणि वरून पाऊस, मग कंद कुजणारच. फुलाचे कारण निराळे. दांडा वर यायला सलग आठ-दहा आठवडे थंडी लागते. निफाडकडे एखाद्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो खरा, पण दुपारी ऊन पुन्हा तापते. अशी तुटक थंडी कंदाला पुरत नाही.

हौसच असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला कोरडे कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दहा आठवडे ठेवा. शेजारी सफरचंद, केळी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतला कोंब बिघडतो. नोव्हेंबरच्या मध्यावर गादीवाफ्यात, भरपूर जाड वाळू मिसळून, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा. एवढे करूनही फेब्रुवारीअखेरच्या उन्हात दांडा आखूड राहतो आणि कंद पुढच्या वर्षासाठी भरत नाही. दरवर्षी नवे कंद घ्यायचे, हा व्यवहार आम्हाला तरी पटत नाही.

त्यापेक्षा घरच्या कांद्याचेच डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलवा. ऑक्टोबरअखेर चार ते सहा सेंटिमीटर व्यासाचे निरोगी कांदे घ्या, वरचा एक तृतीयांश भाग कापा आणि फुटाफुटावर लावा. थंडी सरता सरता एकेका कांद्याला तीन-चार दांडे येऊन पांढरे गोल गेंद उमलतात. दांडे पोकळ असतात, वाऱ्याने मोडतात. बांबूच्या काडीला सैल बांधा. फक्त शेजारच्या मळ्यात कुणी बियाण्यासाठी डोंगळे राखले असतील तर हा खेळ नको. मधमाश्या पराग लांबवर नेतात आणि त्यांच्या बियाण्यात भेसळ होते.

प्रश्न : कुंडीतल्या गार्लिक चाइव्हजची (लसणाच्या वासाची कांद्याची भावकी) पात बारीक आणि चिवट झाली आहे. खत वाढवू का? (वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : खत थांबवा. युरियाने पात लुसलुशीत दिसते, पण तिच्यावर मावा आणि फुलकिडे तुटून पडतात. पात बारीक होते ती दाटीमुळे. दोन-तीन वर्षांत एका रोपाचे गच्च बेट होते. ऑक्टोबरमध्ये कुंडी पालथी करा, बेट हाताने फोडा, पाच-सहा फुटव्यांचा एकेक जुडगा वेगळा करा, मुळे अर्धी छाटा आणि वीस सेंटिमीटर अंतराने लावा. दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग गांडूळखत एवढे पुरे.

कापताना जमिनीलगत चार सेंटिमीटर ठेवा आणि दोन कापण्यांत तीन-चार आठवडे जाऊ द्या. मे महिन्यात दुपारची सावली द्या. पाण्याचा ताण पडला की पात लगेच चिवट होते. फुलांचे दांडे आले की पात राठ होते, म्हणून कळ्या असतानाच खुडा. त्या परतून छान लागतात. बी काळे होऊ दिले तर शेजारच्या प्रत्येक कुंडीत रोपे उगवतील. बियांपासून सुरुवात करायची तर ताजेच बी घ्या, वर्षभरात त्याची उगवण बरीच घटते. अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. दोन-तीन आठवड्यांत दुमडलेल्या काडीसारखे कोंब येतात, अगदी कांद्याच्या रोपासारखे.

मावा दिसला तर आधी पाण्याची जोरदार धार. राहिलाच तर लिटरला पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी. नंतर आठवडाभर पात खाऊ नका. कांद्याच्या पिकावरचे आंतरप्रवाही कीटकनाशक इथे अजिबात नको. ते झाडात भिनते आणि आपण तर पातच खातो.

थालीपिठात किंवा झुणक्यात ही पात शेवटी घाला. जास्त शिजली की वास उडतो.

प्रश्न : त्र्यंबकच्या बाजूने डोंगरावरून आणलेला रानकांदा कुंडीत रुजला आहे. खाता येईल का? (वाचक, पंचवटी)

उत्तर : नाही. आपल्याकडे रानकांदा म्हणतात तो बहुधा कोळकांदा. दिसायला कांदा, पण त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. औषधात वापरतात म्हणून घरी प्रयोग करू नका. उन्हाळ्यात पाने नसताना नुसता फुलांचा दांडा वर येतो, ही त्याची खूण. रसाने त्वचेला खाजही सुटते, हातमोजे घाला.

पान चुरगळून कांदा-लसणाचा वास आला नाही तर तोंडात घालू नये. मात्र आधी हात धुवा, कांदा चिरलेल्या बोटांचाच वास फसवतो. याच कारणाने पावसाळी लिली चाइव्हजच्या कुंडीत कधीच लावू नका. तिची पात तशीच दिसते, कंद विषारी असतो आणि घाईत कापताना दोन्ही एकाच मुठीत येतात.

प्रश्न : घरात कुत्रा आहे. चाइव्हज चालतील? (वाचक, नाशिक रोड)

उत्तर : कुंडी उंचावर टांगली तर. या भावकीतल्या कुठल्याही झाडाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिजवलेल्या पातीनेसुद्धा. थालीपिठाचा तुकडाही देऊ नका.