शहरात ओळख नाही, मग फिल्डवर्क करू कसं?

समुपदेशनासाठी येणाऱ्या, रिसर्च करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. त्यातली एक केस सांगते, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मराठवाड्यातली मुलगी, समाजशास्त्रात पीएचडी, विषय असा की लहान गावांतून आलेले चित्रकार मुंबईत कसे टिकतात. येऊन सहा आठवडे झाले होते आणि एकही मुलाखत नाही. गॅलऱ्यांना तीसेक ईमेल टाकले, दोन उत्तरं आली, तीही "कळवतो" एवढीच. पहिल्याच सेशनला रडायला लागली. म्हणाली, ताई, मी जहांगीर आर्ट गॅलरीला जाते, चित्रं बघते, अभिप्रायाच्या वहीत "छान" लिहिते आणि बाहेर पडते, बोलायला गेले तर त्यांना वाटेल ही मतलबापुरती आलीय.

तिच्या गाईडनी सांगितलं होतं की तिथल्या समोवार कॅफेमध्ये जाऊन बस, चित्रकार येतात, ओळखी होतील. आता समोवार 2015 मध्येच बंद झालं. हे तिला तिथे जाऊन कळलं आणि तिने अर्थ काय लावला, तर आपल्याला एवढंही माहीत नाही, आपण कसल्या रिसर्चर! अगं, आठवण गाईडची जुनी, आणि कमीपणा तू का घेतेस? माहिती नाही म्हणजे लायकी नाही, असं ही मुलं धरूनच चालतात, मला फार वाईट वाटतं.

मी विचारलं, जातेस कधी? तर ओपनिंगला, संध्याकाळी. म्हणजे ज्या वेळी चित्रकाराभोवती नातेवाईक, पाहुणे, गिऱ्हाईक, फोटोवाले सगळे असतात नेमकी तीच वेळ, तिथे मी गेले तरी कोपऱ्यातच उभी राहीन. जहांगीरला प्रदर्शन साधारण मंगळवार ते सोमवार असतं आणि बरेच चित्रकार आठवडाभर स्वतः तिथे बसतात. त्या हॉलसाठी कित्येक वर्षं थांबलेला असतो तो माणूस, भाडं भरलेलं असतं, आणि बुधवारी-गुरुवारी दुपारी तीन वाजता खुर्चीत एकटाच. अशा वेळी कुणी येऊन "हा रंग असा का घेतला" विचारलं तर त्यालाही बरं वाटतं.

मग ठरवलं, दोन आठवडे मुलाखत नाही, रेकॉर्डर नाही, प्रश्नावली नाही. फक्त दुपारी जायचं आणि सुरुवातीलाच सांगायचं की मी पीएचडी करतेय, या विषयावर चित्रकारांशी बोलायचंय, आत्ता वेळ नसेल तर नंतर येते. हे आधीच सांगण्यावर मी अडून बसले कारण तिला जे अपराधी वाटत होतं ते मला वाटतं लपवण्यातून येत होतं. उघड सांगितलं की समोरच्याला नाही म्हणता येतं, मग आपण त्याला फसवतोय असं वाटायचं कारण उरत नाही. सेशनमध्ये मी चित्रकार झाले, तिने सात-आठ वेळा बोलून बघितलं, पहिले तीन वेळा तर जमिनीकडे बघतच.

पहिल्या दिवशी उत्तर मिळालं "आत्ता नको". तिने तिथूनच फोन केला. एरवी मी मधेच फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला. म्हटलं, लगेच घरी जाऊ नकोस, घाबरून निघालीस की आत्ता सुटल्यासारखं वाटेल पण उद्या तीच पायरी दुप्पट उंच होईल, थोडा वेळ तिथेच थांब.

ती बाहेर फुटपाथवर पोर्ट्रेट काढणाऱ्या एका काकांसमोर जाऊन बसली, पैसे देऊन. आता पोर्ट्रेट काढून घ्यायचं तर हलता येत नाही, पळताही येत नाही! अर्धा तास काकाच बोलत होते, गाव कुठलं, सुरुवातीला कुणाकडे झोपायचो, पावसाळ्यात धंद्याचं काय होतं. तिने तिथल्या तिथे सांगितलं की मी हे सगळं लिहू का, ते म्हणाले लिही की. त्यांनीच एका फ्रेमवाल्याचं नाव दिलं, आणि कुणाची चित्रं विकली जातात, कुणाची परत येतात हे त्या फ्रेमवाल्याला गॅलरीपेक्षा आधी कळतं.

एक मात्र तिला बजावलं, सगळ्या ओळखी काकांकडूनच घेतल्यास तर तुला फक्त काकांची मुंबई दिसेल. म्हणून जेजे कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात जाऊन विद्यार्थ्यांशी बोल, जहांगीरच्याच भागात, काळा घोड्याला आर्टिस्ट्स सेंटर आहे तिथे वेगळं दार उघड. आणि "माझ्या प्रबंधात नाव येईल, फायदा होईल" असलं काही कबूल करू नकोस, त्यापेक्षा लिहिलेलं त्यांना वाचून दाखव.

भीती गेली असं नाही, अजून आत शिरण्याआधी ती दोन मिनिटं दारात थांबते म्हणे. आमचं सेशन सोमवारी असायचं. परवा तिचा मेसेज आला, "ताई सोमवारी नाही जमणार, 'आत्ता नको' म्हणाले होते ना, त्यांच्या मित्राचं प्रदर्शन संपतंय, चित्रं उतरवायला बोलावलंय." मी तिला शुक्रवारची वेळ दिलीय.