सिल्व्हर सिटीला येण्याआधी

तुझा निरोप दोनदा वाचला. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सिल्व्हर सिटीत डॉक्टर म्हणून तीन वर्षांचं काम मिळतंय, सोबत नवरा आणि पहिलीतली मुलगी. तुझा प्रश्न असा, "ताई, ग्रँट काउंटीची लोकसंख्या घटतेय म्हणे. ओस पडत चाललेल्या ठिकाणी लेकीला घेऊन यावं का? आणि घर कुठल्या गावात बघावं?" मी इथे नऊ वर्षं शाळेत गणित शिकवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समज. ग्रँट काउंटी माझ्या चंद्रपूर जिल्ह्याहून थोडीच लहान आहे, पण चंद्रपुरात २०११ साली २२ लाख माणसं होती आणि इथे २०२० साली २८,१८५. त्यातली ९,७०४ एकट्या सिल्व्हर सिटीत. २००० साली काउंटीत ३१,००२ होती, २०१० साली २९,५१४. घट खरी आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही आणि तिचं कारणही एकच नाही. जुने आकडे बघशील तेव्हा एक ध्यानात ठेव: १८६८ साली ही काउंटी झाली तेव्हा फार मोठी होती. १९०१ साली तिच्यातून लूना काउंटीसाठी भाग गेला, १९१९ साली हिडाल्गो वेगळी झाली. त्यामुळे १९२० च्या आधीचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवून काही कळत नाही.

इथली गावं समजून घ्यायची तर तांब्यापासून सुरुवात करायला हवी. सिल्व्हर सिटीजवळच्या सांता रीताला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तांबं काढायला घेतलं. ते खेचरांवर लादून मेक्सिकोतल्या चिवावाला जायचं. ही भूमी अपाचे या मूळ रहिवाशांची. त्यांचा म्होरक्या मँगस कोलोराडास याला १८६३ साली बोलणीसाठी बोलावून पकडलं आणि कैदेत ठार केलं. १८८६ साली त्यांच्यातल्या चिरिकाहुआ अपाचेंना कैदी म्हणून थेट फ्लोरिडाला धाडलं. लोकसंख्येचा इतिहास म्हणताना ही वजाबाकी मी कधी विसरत नाही.

१९१० साली सांता रीतात उघडी खाण सुरू झाली आणि खड्डा वाढेल तसं गाव सरकत गेलं. घरं उचलून हलवली, पुन्हा हलवली, आणि १९७० पर्यंत गावच उरलं नाही. आज तिथे पावणेतीन किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. जिथे लोक जन्मले ती जमीनच नाही, नुसती हवा आहे. म्हणून तिथले म्हातारे स्वतःला 'अवकाशात जन्मलेले' म्हणवतात. त्यांच्यातलाच एक, हॅरिसन श्मिट, १९७२ साली अपोलो १७ मधून खरोखर चंद्रावर उतरला. माझे बाबा चंद्रपूरला कोळशाच्या खुल्या खाणीत होते. खाणीसाठी गाव उठतं म्हणजे काय होतं, ते मी लहानपणी बघितलंय. त्या खड्ड्याच्या काठावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा बराच वेळ तोंडातून शब्द निघाला नाही.

टायरोन गावाचीही तीच गत. १९१५ च्या सुमारास कंपनीने नामवंत वास्तुकाराकडून चौक-कमानींचं देखणं गाव उभं केलं. महायुद्ध संपलं, तांब्याचा भाव पडला, १९२१ साली खाण बंद आणि गाव रिकामं. पुढे तेही खाणीच्या पोटात गेलं.

हर्ली वसलं तेही कंपनीमुळेच. रुळांच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला मेक्सिकन कुटुंबं. शेजारी हॅनोव्हरला १९५० साली जस्ताच्या खाणीत संप झाला. मेक्सिकन कामगारांच्या घरांत नळाचं गरम पाणी हवं, ही त्यातली एक मागणी होती. कोर्टाने संपकरी पुरुषांना खाणीच्या वाटेवर धरणं धरून उभं राहायला मनाई केली, तर त्यांच्या बायका उभ्या राहिल्या आणि १९५२ च्या जानेवारीपर्यंत तो लढा चालला. त्या घरांतल्या नाती-पणत्या आज माझ्या वर्गात बसतात. हर्लीची तांबं वितळवायची भट्टी २००२ साली बंद झाली, २००७ साली तिची धुरांडी पाडली. बेयार्ड आणि सांता क्लाराही (जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'सेंट्रल') खाणीच्याच पट्ट्यातली. खाणी अजून चालू आहेत, पण तांब्याचा भाव घसरला की या गावांतली भाड्याची घरं आधी रिकामी होतात.

सिल्व्हर सिटीचं तसं नाही. १८७० साली चांदीमुळे वसली, चांदी संपली तरी टिकली. १८९३ पासूनचं शिक्षक-महाविद्यालय आज विद्यापीठ आहे. जवळच्या फोर्ट बेयार्डला कोरड्या हवेसाठी १८९९ पासून क्षयाचं लष्करी रुग्णालय होतं. आता हवेसाठी आणि शेजारच्या 'हिला' (Gila) नावाच्या जंगलासाठी निवृत्त लोक येऊन राहतात. सुमारे चारातला एक माणूस पासष्टीच्या पुढचा आहे. तुझ्या दवाखान्यात गर्दी कुणाची असेल, ते यावरून कळेल. तरुण पोरं मात्र बारावी झाली की टूसॉन, अल्बुकर्कीसारखी मोठी शहरं गाठतात. घट होते ती इथे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: जरूर ये, घर सिल्व्हर सिटीतच बघ आणि पहिलं वर्ष भाड्याने राहा. ओढ्यालगतचं घर नको. इथल्या पावसाळ्यालाही मॉन्सूनच म्हणतात. १८९५ च्या जुलैत एका पुराने इथला मुख्य रस्ता वाहून नेला. त्याची खोल घळ झाली आणि दुकानांची मागची दारं पुढची झाली. मुलीला शाळेत त्रास होणार नाही. बरीच मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली आहेत, घरात दुसरी भाषा असणं कुणाला नवल नाही. भारतीय वाणसामानासाठी मात्र आम्ही एल पासो नाहीतर टूसॉन गाठतो, म्हणजे अख्खा दिवस जातो.

आणि कुकर सामानात पहिला टाक. आपण १८०० मीटर उंचीवर असू, इथे पाणी ९४ अंशांनाच उकळतं. पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते.